बुसैतीनच्या घरातला कुक

पपा, तुझी पत्र्याची पेटी आज तिसऱ्यांदा उपसली आणि आता माझं डोकं फिरलंय. मम्मीला पुरावा हवा आहे. ती नातवंडांना सांगते, "मी बहारीनला, बुसैतीनच्या घरात, चार वर्षं नऊ पुरुषांचं रांधलं," आणि पोरं "ओके ग्रॅनी" म्हणून पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालतात. परवा तिने मलाच विचारलं, "बाय, मी खरंच गेले होते ना गं?" ऐंशी पार झालीय, तिचं तिलाच खरं वाटेनासं झालंय. म्हणून मी आपल्या घरातली माणसं कागदांत शोधायला बसले.

आणि कागद काय म्हणतात? तुझ्या व्हिसावर तू कुक. रेसिडेन्सच्या कार्डावरही कुक. अरे, तुला धड चहा करता येत नव्हता! हॉटेलच्या लाँड्रीत तू चादरींना इस्त्री करायचास. घरात तुझ्यासोबत आणखी आठ कामगार राहायचे. एजंटकडे तेव्हा कुकचाच व्हिसा उरला होता, म्हणून तू कुक. आणि मम्मी? चर्चच्या कुटुंबनोंदीत ती त्या सगळ्या वर्षांत वसईतच आहे, कारण आजोबांनी फादरना तसं सांगून ठेवलं होतं. तिचा पासपोर्ट तर परत आल्यावर तू चुलीत घातलास. व्हिजिट व्हिसा संपूनही ती तिथेच राहिली होती, तो शिक्का पुन्हा कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. धन्य आहे तुझी! माझं नावही त्याच पासपोर्टात होतं, म्हणजे माझाही पत्ता कट.

राहता राहिली ती बहारीनमधली शिरगणती. मी पाच वर्षांची असेन. दुपारी दोन माणसं दारात येतात, एक तिथला आणि एक हिंदी बोलणारा आपल्याकडचा कारकून. तू मम्मीला आणि मला स्वयंपाकघरात ढकलतोस आणि पडदा ओढतोस. "कितने लोग?" "नौ आदमी. फॅमिली मफी, नहीं है." "खाना कौन पकाता है?" तू छाती काढून सांगतोस, "मैं. कुक हूँ, वीजा पे लिखा है." आत चुलीवर हमूर माशाचं कालवण रटरटतंय. कारकून वास घेतो. "वा! इसमें क्या क्या डाला?" तू आठवून आठवून म्हणतोस, "हल्दी... मिर्ची... पानी." मम्मीचा हात माझ्या तोंडावर आहे आणि ती दातओठ खात पुटपुटतेय, "पाणी म्हणे! चिंच काय याचा बाप घालणार? आणि वसईहून आणलेला माझा बाटलीचा मसाला?" कारकून हसला, लिहून घेतलं, गेला. तू पडदा सारून म्हणालास, "खलास, गेले. वाढ आता, भूक लागलीय."

तिने कालवण उतरवलं. तुझं ताट वाढलं, बाकीचे आठ कामावरून आल्यावर त्यांची. संध्याकाळी तू कौतुकाने तो किस्सा सगळ्यांना सांगितलास, सगळे पोट धरून हसले, तीही हसली. तुझी भीती मला कळते रे. पकडले गेलो असतो तर तिघांनाही विमानात बसवलं असतं. पण नंतर, वसईत, भीती कसली होती? म्हातारपणी पाहुण्यांसमोर "मी गल्फला कुक होतो" असं सांगायचास तेव्हा ती शेजारी बसलेली असायची. एकदा तरी म्हणायचंस, रांधायची ही. जीभ झडली असती का?

एवढं लिहून झालं, पण हे पत्र तुला पोचवायचं कुठे? आणि पेटीतही ठेवणार नाही, ती मम्मी उघडते. शिवाय एक गोष्ट तुला सांगायची राहिलीय. मागच्या महिन्यात घरोघरी माहिती लिहून घेणारी एक बाई आपल्याकडे आली होती. तिने विचारलं, "आजी आधी काय काम करायच्या?" मला बँकेत जायची घाई होती. मी म्हटलं, "काही नाही हो, घरीच असायची." मम्मी तिथेच खुर्चीत बसली होती. तिने मान डोलावली.