पहिला चीक

७ फेब्रुवारी, शनिवार

आज काय झालं ते क्रमाने.

१. रामसेवक भैयांची (पुढे रा.) लाल गाय पहाटे व्याली, कालवड झाली. बछिया. दतिया गेटमागचा गोठा. या हिंदी गावातल्या आमच्या मराठी घरी दूध माझ्या जन्माआधीपासून तिथूनच येतं.
२. आठला किटलीभर चीक घरी आला. न मागता, नेहमीप्रमाणे.
३. आईने अर्ध्याचा खरवस केला, कारण मावशी नागपूरहून आलीय. उरलेला चीक फ्रिजमध्ये. त्याचा उद्या करून तिच्याबरोबर द्यायचा.
४. दुपारी जेवताना मी एक वडी खाल्ली.
५. आईने चिकात दुप्पट दूध घातलं होतं. तरी वडी ताठ, सुरीला चिकटत नव्हती. म्हणजे चीक अगदी पहिल्या धारेचा, वासराच्या वाटचा.
६. रा.ना फोन. "बछिया को क्या पिलाया?" "अभी कुछ नहीं दीदी, जेर कहाँ गिरी है।" जेर म्हणजे वार, वासरामागून पडणारी; ती पडेपर्यंत पाजायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत.
७. फ्रिजमधली किटली घेऊन निघाले. आई पाठीमागून काहीतरी म्हणाली.

गोठ्यात बादलीभर गरम पाण्यात किटली ठेवून ढवळत बसले. कोमटच हवा. जास्त तापला तर किटलीतच खरवस. बाटलीला रबरी बोंडी लावून पाजला. बछिया ओढत होती, सावकाश. रा. शेजारी उकिडवे बसलेले. "इतना तो मम्मी जी की कड़ाही में जाता है," म्हणाले आणि हसले. मी हसले नाही.

सकाळपासून बछियेने गोठ्याची भिंत चाटली होती. आधी भिंत, मग चीक. हा क्रम चुकीचा आहे.

वार संध्याकाळी पडली. रा.चा फोन आला तेव्हा विचारलं, पाजल्यामुळे अडली का? "नहीं अड़ी," म्हणाले. "पर हर बार थोड़े न..."

८ फेब्रुवारी, रविवार

आई बोलत नाही. मावशी दोघींच्या वाटचं बोलतेय.

"नागपुरात सांगेन, भाचीने माझा खरवस गाईला परत केला."
"गाईला नाही. वासराला."
"हो बाई, वासराला. नीट नोंद कर."

मग तिने खरंच विचारलं म्हणून सांगितलं. वासरू पोटात असताना आईच्या रक्तातली प्रतिद्रव्यं त्याच्यापर्यंत पोचत नाहीत; गाईची वार ती अडवते. ते कोरं जन्मतं. पण पहिले काही तास त्याच्या आतड्याचं अस्तर वेगळं वागतं. तिथल्या पेशी मोठमोठे रेणू न पचवता अख्खे आत घेतात आणि पलीकडे रक्ताकडे सोडतात. निवड करत नाहीत. चिकातलं प्रतिद्रव्य आलं तर ते, शेणातला जंतू आला तर तो. तासागणिक हे कमी होतं आणि दिवसभरात दार बंद. त्या पेशी गळून जातात, जागी येतात त्या अशा घाऊक पद्धतीने काही आत घेत नाहीत.

मावशी: "आणि आपण खाल्लं ते?"
"तीच प्रतिद्रव्यं. वाफेवर घट्ट होतात, म्हणून खरवस विरजणाशिवाय थिजतो. आपल्या पोटात नुसती प्रथिनं. पचतात."
आई ओट्यापाशी पाठमोरी होती. भिंतीला म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी वासराचं औषध शिजवत होते."
वाक्य बरोबर होतं.

९ फेब्रुवारी, सोमवार

मावशी गेली. डब्यात बेसनाचे लाडू.

गुरांच्या तपासणीच्या लॅबमध्ये कामाला जाण्याआधी गोठ्यात. बछियेच्या मानेतून रक्त घेतलं. रा.ना आवडलं नाही. "ज़रा सी जान है, उसमें से भी निकाल रही हो।" लॅबमध्ये सीरम वेगळं करून रिफ्रॅक्टोमीटरवर दोन थेंब. एकूण प्रथिनं ४.९. सव्वापाचच्या वर हवी होती. चार आलं असतं तर काहीच आत गेलं नाही असं म्हणता आलं असतं. काही गेलंय. पुरेसं नाही. उशीर, किंवा पाजलं कमी, किंवा दोन्ही.

आता पाजून उपयोग नाही असं मात्र नाही. रक्तात जाणार नाही, पण आतड्यात राहून तिथल्या तिथे थोडं काम करेल. रा.ना सांगितलं: पुढचे काही दिवस गाईचं दूध आधी हिला. "और घरों का दूध?" म्हणाले. मी म्हटलं, आमच्या घरचं कमी करा. घरी विचारलेलं नव्हतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आठवून पाहिलं. लाल गाईचं मागचं वासरू, तीही बछियाच, दुसऱ्या आठवड्यात हगवणीने गेली. त्याआधीचा बछडा होता. तो गेला तेव्हा कोणी फारसं विचारलं नाही. दोन्ही वेळा आमच्याकडे खरवस झाला होता. एकदा माझ्या वाढदिवसालाच.

दोन वासरांवरून निष्कर्ष निघत नाही. गोठा ओला असतो, थंडी असते, इतर कारणं असू शकतात. तरी लिहून ठेवते.

खरवस मला आवडतो. हेही लिहून ठेवते.

रा. ही बछिया विकणार नाहीत. लाल गाईची उमेद संपत आली. हिच्यावरच पुढचा गोठा. परवा बोलता बोलता म्हणाले, "ये बच गई तो समझो हम भी बच गए।" एरवी असं बोलणारे नाहीत.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

हगवण लागली. पातळ, पिवळट पांढरी. सकाळी सातला फोन. डॉक्टर दुपारी येऊन गेले, औषध दिलं. मी मीठ-ग्लुकोजचं पाणी करून दिलं. बंद झालेलं अस्तरसुद्धा हे दोन एकत्र आले की आत घेतं, बरोबर पाणीही. रा.नी विचारलं, "इसको अब कैसे घुसने देता है?" म्हटलं, यांच्यासाठी वेगळं दार असतं. "अच्छा, वीआईपी," म्हणाले.

नंतर मुद्द्याचं बोलले. गोठ्याच्या दाराशी, माझ्याकडे न बघता.

"दीदी, हमारी अम्माँ कह गई थीं, पहली धार मराठा घर में जाए। तब से भेज रहे हैं। मना मम्मी जी करें तो बात और है। हम बंद करेंगे तो उनको बुरा लगेगा।"

घरी येऊन आईला सांगितलं. ती आता बोलते, कामापुरतं.

"मी कधी मागितला? तो स्वतः आणून देतो. परत पाठवला तर बुरा मानेल तो. त्याच्या अम्माँच्या वेळेपासूनचं आहे."
"त्यांना वाटतं तुला वाईट वाटेल."
"वाटेल की थोडं."
मग पोळी लाटता लाटता: "उभी राहते का?"
"धरून."

म्हणजे दोघं एकमेकांसाठी ही रीत चालवताहेत आणि मधे वासरू.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आतडं पूर्ण बंद कधीच होत नाही, असं आज जेवताना आईला सांगितलं. तिनेच विचारलं होतं: मग मोठ्या गुरांना बाहेरचं कळतं कसं? अस्तरात थोड्या जागा ठेवलेल्या असतात. तिथल्या पेशी परक्या गोष्टीचा जरासा नमुना उचलून आत पोचवतात, आतल्या पेशी तो तपासतात. बहुतेक वेळा सोडून देतात. अन्न असेल तर भांडण करत नाहीत.

आई म्हणाली, "आणि ओळखायला चुकल्या तर?"
"आजार."
"हं." वाटीत आणखी वरण वाढलं. मागितलं नव्हतं.

बछिया: दोन वेळा मीठ-ग्लुकोज, थोडं दूध. कान गार. ताप नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी गेले तेव्हा बसलेली होती. माझी चाहूल लागून उठायचा प्रयत्न केला; पुढचे पाय जमले, मागचे नाही. रा.नी मागून आधार दिला, मग उभी. हगवण कालच्याहून कमी, किंवा आत काही उरलेलं नाही म्हणून कमी. दोन्ही सारखंच दिसतं. रक्ताचा दुसरा नमुना मागितला नाही. आत्ता आकडा कळून करण्यासारखं वेगळं काही नाही.

वाचेल का, विचारलं त्यांनी. माहीत नाही, म्हटलं. "झूठ ही बोल देतीं," म्हणाले. बछियेच्या पाठीवर पोतं नीट केलं.

शेजारी काळी गाय आहे. तिचे दिवस भरत आलेत, महिनाअखेरीला विणार. म्हणजे तीच किटली पुन्हा.

समोरासमोर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात, म्हणून लिहून पाठवलं. एकच मजकूर: रा.ना हिंदीत, आईला मराठीत. आई पलीकडच्या खोलीत होती. तिचा फोन वाजल्याचा आवाज इथे आला.

मजकूर असा:

काळी गाय व्याली की पहिली धार वासराला पाजायची, लगेच, वार पडायची वाट न बघता. पोटभर पाजून उरेल त्याचं काय करायचं ते तुम्ही दोघं ठरवा. आमच्याकडे आला तर आई खरवस करेल, नाही आला तर कोणी काही म्हणणार नाही. ती व्याल्यावर मला कोणत्याही वेळी फोन करा. हे मान्य आहे की नाही, एवढंच बुधवार, १८ तारखेपर्यंत कळवा.