न सापडलेला जोड

मंगळवार, ४ डिसेंबर १९७९

ओटा, कपाट, फळ्या, नळजोडणी, घरातलं सगळं माझ्या हातानं केलेलं. स्टीलचं सिंक तेवढं विकत घ्यावं लागलं, म्हणून सकाळपासून रुखरुख. उद्यमनगरातल्या कारागिरानं एक सिंक पुढं ठेवलं. कोपऱ्यातून तीनदा बोट फिरवलं. जोड कुठाय? सापडेना! असा कोपरा मला जन्मात जमला नसता. लिहायला जड जातंय, पण खरं आहे. शेजारच्या सिंकचा कोपरा मात्र खरखरीत.

त्या दुसऱ्या सिंकवर हात ठेवून कारागीर म्हणाला, “हे घ्या की, पावणं. साठ रुपये कमी करतो. कोपऱ्यात कोण बघतंय?”

“माझी बायको! वीस वर्षं मोरीत उकिडवी बसून भांडी घासलीत तिनं. आता उभं ऱ्हाऊन घासताना बोट कापाय नको.”

पहिलंच सिंक खांद्यावर घेऊन आलो. नाकारलेली सूट, रुपये साठ.