लाल दाराच्या आतून

आई, त्या कादंबरीचं नवं मुखपृष्ठ मी केलंय. तीच, मला शाळेत बक्षीस मिळालेली, काळ्या मुखपृष्ठावर अर्धवट उघडं लाल दार असलेली. ज्यांनी ती वाचली नाही त्यांनाही ते दार ठाऊक असतं. कापडी पिशव्यांवर, चहाच्या कपांवर छापलेलं दिसतं. आपल्या घरात मात्र ते एकच संध्याकाळ दिसलं.

त्या संध्याकाळी तू चाकणहून कंपनीच्या बसने चिखलीला आलीस, हातपाय धुतलेस आणि पुस्तक मांडीवर घेऊन बसलीस. वाचताना तुला अक्षराला अक्षर जुळवावं लागायचं, पण चित्र तू बराच वेळ पाहत राहिलीस. मग विचारलंस, "आत कोण हाय गं?" वाचून सांगते, म्हणाले मी. तू मान हलवलीस आणि लगेच पुस्तकाला कव्हर घालायला घेतलंस. माझ्या सगळ्या पुस्तकांना तू तोच कागद घालायचीस, पॅकिंग लाइनवर सुट्या भागांना गंज लागू नये म्हणून गुंडाळतात तो, पिवळट, तेलकट वासाचा. कापून उरलेले तुकडे सुपरवायझरला विचारून आणायचीस. वर्गातल्या मुली माझ्या दप्तराला गॅरेज म्हणतात, अशी तक्रार मी केली, तेव्हा कोपरा नखाने दाबत तू म्हणालीस, "म्हणू दे. त्यांच्या पुस्तकाला गंज चढंल, तुज्या न्हाई."

शाळेच्या पुस्तकांची कव्हरं मे महिन्यात निघायची, कारण ती शेजारच्या मुलीला द्यायची असायची. कादंबरी कुणाला द्यायची नव्हती, म्हणून तिचं कव्हर निघालंच नाही. सुट्टीच्या दिवशी तू भाकरी थापायचीस आणि मी ओट्याला टेकून ती वाचून दाखवायचे. गोष्टीतले सगळे त्या दाराशी येऊन आत राहणाऱ्या एका बाईबद्दल बोलतात, भांडतात, निघून जातात. शेवटचं पान झालं तेव्हा तव्यावरची भाकरी उलटत तू म्हणालीस, "आतल्या बाईला कुणी इचारलंच न्हाई की."

माझी पदवी बघायला तू थांबली नाहीस. आपल्या घरातली पहिली पदवी म्हणून बाबांनी ती देवापुढे ठेवली, आणि तुझ्या फोटोपुढेही. आता मी पुण्यात एका प्रकाशनात मुखपृष्ठं करते. या कादंबरीचं काम मिळालं तेव्हा आनंदापेक्षा भीतीच जास्त वाटली. पहिल्या चित्रात मी दार काढून टाकलं. संपादक मॅडम म्हणाल्या, वाचक पुस्तक ओळखणार नाहीत. दुसऱ्यात दार ठेवलं, तर म्हणाल्या, मग जुनं काय वाईट होतं? अजून एकदा करून बघ, नाहीतर जुनंच छापू. त्यांचं चुकत नव्हतं, हेच जास्त लागलं.

बसमधून घरी येताना तुझं ते भाकरी उलटत बोलणं आठवलं. दोन्ही चित्रं मी बाहेरूनच काढली होती, सगळे उभे राहतात तिथेच उभी राहून. मग दार आतून काढलं. अंधारी खोली, तेच लाल दार, फटीतून जमिनीवर आलेलं ऊन, आणि पाठमोरी एक बाई, कडीवर हात ठेवलेली. मॅडमनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "इतकी वर्षं आपण बाहेरच उभ्या होतो की गं," म्हणाल्या, आणि चित्र छपाईला गेलं.

गेल्या आठवड्यात छापलेली प्रत घरी आणली. माझ्याही नकळत मी कागद आणि कात्री घेऊन बसले. बाबा हसायलाच लागले. "इतके दिवस खपून चित्र काढलंस, ते झाकायला?" मी कात्री खाली ठेवली. पुस्तक तसंच उघडं फळीवर ठेवलंय, तुझं कव्हर असलेल्या जुन्या प्रतीशेजारी. येणारा-जाणारा उचलून बघतो, बोटांचे डाग पडायला लागलेत, आणि मी पुसत नाही.

कागद मात्र मापाने कापून, घड्या घालून त्याच फळीवर ठेवलाय. कोपरे अजून तुझ्यासारखे बसत नाहीत.