हाकेची जागा

हॅम्ट्रॅमिक, मिशिगन
१ डिसेंबर १९९६

चि. झेनेक यास,
ब्रोनाताईचे अ. उ. आ.

फोनवर लुतेकचं नाव काढलं की तू फट्कन ठेवतोस, म्हणून लिहितेय. अक्षराला हसू नकोस. तू कॉलेजात होतास तेव्हा मी गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवत होते.

आपल्या लुतेकच्या घशात कॅन्सर निघालाय. नवीन वर्ष लागलं की ऑपरेशन. स्वरयंत्र सगळंच काढणार. डॉक्टर किती वेळ गोल गोल बोलत होता. शेवटी मीच विचारलं, की हा नंतर बोलणार का नाही? तर म्हणाला, नाही. मग एवढं सरळ सांगायला काय झालं होतं मेल्याला?

लुतेक रडला नाही. घरी येऊन कोबी चिरायला बसला. मग म्हणाला, की नाताळच्या आदल्या संध्याकाळी 'सेकंड शिफ्ट'चं ते गाणं एकदा गायचंय, झेनेकला बोलाव. बँडमधले बाकीचे तिघे गेले वर, उरलात तुम्ही दोघं भाऊ. तो हाक घालणार, तू ओ द्यायचीस, पूर्वीसारखं. हल्ली स्वयंपाकघरात तो एकटाच हाक घालतो आणि थांबतो. ओ येत नाही. मग पुढची ओळ घेतो. मला ते ऐकवत नाही, मी नळ सोडते.

तेव्हा ये. पिएरोगी मी करीन, बीटचं सूप लुतेक करील. बाकी ठीक. गुडघे दुखतात ते दुखणारच. माया आहेच, ती पत्रात लिहून वाढत नाही.

तुझी
ब्रोनाताई


टूसॉन, ॲरिझोना
६ डिसेंबर १९९६

ती. ब्रोनाताईस,
झेनेकचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. लुतेकच्या औषधपाण्याला काय लागेल ते कळव, लगेच पाठवतो. पण गायला बोलावू नकोस.

बाबा दुपारच्या पाळीला गेले की आपल्या तळघरात आम्ही वाजवायचो, म्हणून 'सेकंड शिफ्ट'. पाच पोलिश पोरं, आणि गाणं काळ्या लोकांच्या चर्चमधलं. रेकॉर्डवर कंपनीने आमचे चेहरे छापले नाहीत, कारखान्याचं गेट छापलं. काळ्या लोकांच्या रेडिओने आम्हाला त्यांच्यातलेच समजून वाजवावं, म्हणून. आईला वाटलं, पोरांनी काही लाजिरवाणं केलंय म्हणून तोंडं लपवलीत. तिचं फारसं चुकलं नव्हतं.

मग सहासष्ट सालचं ते थिएटर. पडदा वर गेला आणि सगळे काळे प्रेक्षक एकदम गप्प. कोणीतरी मोठ्याने हसलं. लुतेकने हाक घातली, आणि माझं तोंडच उघडेना. दुसऱ्याचा कोट घालून लग्नात गेलो नि कोटाचा मालक समोर बसलेला, तसं झालं. मी मागच्या दाराने निघालो, तो अजून निघालेलाच आहे. ते गाणं आपलं नव्हतं ताई. लुतेकला हे कधीच कळलं नाही.

मुलं आपापल्या गावी मजेत. तब्येतीला जप. रागावलीस तरी आठवण ठेव.

तुझा
झेनेक


हॅम्ट्रॅमिक
९ डिसेंबर १९९६

चि. झेनेक यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र घेऊन मी सरळ ऑडेसाकडे गेले. माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची ती. तिच्या चर्चमध्येच लुतेक गायला शिकला. म्हटलं, गाणं कोणाचं ते तिलाच विचारावं, आपण दोघांनी कशाला भांडायचं?

आधी तिने मला केक खायला लावला. मग म्हणाली, की गाणं तिच्याच लोकांचं, त्यात वादच नाही. ज्यांनी ते त्यांच्याकडून घेऊन विकलं, त्यांच्याशी तिचं भांडण आहे, नि ते ती मरेपर्यंत भांडणार. पण लुतेकला तिने स्वतः समोर उभं करून शिकवलंय, त्याचा घसा त्या भांडणात ओढायचा नाही.

आणि तो हसणारा माणूस. झेनेक, तो तिचा नवरा होता, क्लीव्हन. रेकॉर्ड ऐकून तो म्हणायचा, ही पोरं आपलीच. ऑडेसा म्हणायची, सलगमासारखी गोरी आहेत, माझ्या नवीन हॅटची पैज. पडदा वर गेला तसा तो आपली पैज गेली म्हणून हसला. तुम्हाला कोणी हसलंच नव्हतं रे. लुतेकच्या हाकेला तू ओ दिली नाहीस, तेव्हा पहिली ओ ऑडेसाने खुर्चीतून दिली, मग सगळ्या थिएटरने. तू तेव्हा गल्लीत होतास.

ती म्हणाली, की तिने त्या पोराला हाक घालून थांबायला शिकवलं होतं, पण तीस वर्षं थांबायला नव्हतं शिकवलं.

आता कारणं पुरे. कधी येतोस तेवढं लिही.

ब्रोनाताई


टूसॉन
१७ डिसेंबर १९९६

ती. ब्रोनाताईस,
सा. न. वि. वि.

क्लीव्हनची गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचली. हसू येईना नि रडूही येईना.

तिकीट काढायला गेलो, पण खिडकीशी पाय मागे आले. लुतेकच्या तोंडाकडे कसं बघू? म्हणून सोबत कॅसेट पाठवतोय. इथल्या चर्चमध्ये ऑर्गन आहे. रोज संध्याकाळी तिथेच असतो, घरी फोन वाजत असेल तर मला पत्ता नाही. ओ सगळ्या दिल्यात. हाकेच्या जागा मोकळ्या सोडल्यात. तिथे लुतेकने गायचं. त्याला सांग, तो थांबला की मी आहे.

तुम्हा दोघांचा
झेनेक


हॅम्ट्रॅमिक
२६ डिसेंबर १९९६

चि. झेनेक यास,
अ. उ. आ.

तुला किती फोन केले. घंटा नुसती वाजत राहायची. बारा तारखेला लुतेकचा श्वास अडकला. डॉक्टर थांबायला तयार होईनात, त्याच दिवशी कापलं. तुझी कॅसेट आली तेव्हा त्याचा आवाज जाऊन आठवडा झाला होता.

म्हटलं लपवून ठेवावी. पण दवाखान्यातून घरी आला नि पाकिटावरचं तुझं अक्षर त्याने ओळखलं.

परवा संध्याकाळी पहिली चांदणी दिसल्यावर टेबल मांडलं. न आलेल्या पाहुण्याचं रिकामं ताट मांडतो ना आपण, त्या ताटात त्याने टेपरेकॉर्डर ठेवला. स्वतः नळीतून जेवतोय, पण सूप त्यानेच केलं होतं. ऑडेसाही आली होती, डोक्यावर तीच पैजेची हॅट.

ऑर्गन सुरू झाला. पहिली मोकळी जागा आली आणि लुतेकने तोंड उघडलं. गळ्याच्या भोकातून नुसती हवा आली. मग तुझी ओ आली. परत मोकळी जागा, परत हवा, परत तू. ऑडेसाला त्या जागेत गाता आलं असतं. ती गायली नाही. ती जागा लुतेकची होती. फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत होती. या वेळी मी नळ सोडला नाही.

संपल्यावर त्याने पाटी ओढली. मला वाटलं, काही मोठं लिहील. त्याने लिहिलं: झेनेकला सांग, शेवटच्या कडव्यात घाई केलीस, मेल्या, अजून सुधारला नाहीस. मग कॅसेट उलटी फिरवून पुन्हा लावली. काल दिवसभर, आजही, तेच. हे लिहितेय तेव्हाही पलीकडे तू ओ देतोयस.

झेनेक, मला गाण्यातलं काही कळत नाही. पण हाक आता तो हातानेच घालतो, दोन बोटं वर करून. ती कॅसेटला दिसत नाही.

ते ताट मी अजून उचललेलं नाही.

तुझी
ब्रोनाताई