देवीच्या कडेवरचं मूल

१२ फेब्रुवारी

आणलंच शेवटी! चार मुलांचं नाणं. दोन कडेवर, दोन पायाशी. चांदी काळपट आहे, पण देवीच्या वस्त्राची चुणी न् चुणी मोजून घ्यावी इतकी स्पष्ट. नाणेवाले काका म्हणाले, "दातवाले, एवढी मुलं एका नाण्यावर परत मिळायची नाहीत."

घरी येऊन हिला फोन केला. सांगायला नको होतं – तरी सांगितलं. मला नको तेव्हा बोलता येतं आणि हवं तेव्हा तोंड उघडत नाही.

"अजून एक?" ती म्हणाली. मग नुसता त्यांच्या पंख्याचा आवाज. मग, "ठेवते."

माहेरी जाताना दारात म्हणाली होती, "तुझ्या त्या सगळ्या बायकांच्या कडेवर पोर आहे. मला त्या खोलीत झोप येत नाही." मी म्हटलं, नाण्यांचा डबा कपाटात आत सरकवतो. प्रश्न डब्याचा नव्हता, हे ती जिना उतरून गेल्यावर कळलं.

१३ फेब्रुवारी

‘बायका’ नाहीत, एकच देवी आहे ती. जुन्या रोमन लोकांची, मुलंबाळं देणारी. नाव फेकुंदितास. सगळ्या नाण्यांवर तीच, मुलांची संख्या तेवढी वेगळी. पाठीमागे राणीचा चेहरा.

पहिलं आम्ही दोघांनी मिळून घेतलं होतं. हिला तेव्हा पाचवा महिना. ऊन लागलं म्हणून काकांच्या दुकानात शिरलो, आणि ट्रेमधलं सगळ्यांत झिजलेलं नाणं हिने उचललं. कडेवरच्या बाळाचं डोकं म्हणजे मसुरीचा दाणा. ना डोळे, ना नाक. ही म्हणाली, "हेच घेऊ. चेहरा अजून ठरायचाय. आपल्या बाळासारखाच." काका इतके हसले की चष्मा काढून ठेवला. मग रोज त्या दाण्यावरून अंगठा फिरवत बसायची. मी म्हणायचो, अगं झिजेल! ती म्हणायची, अजून काय झिजायचं राहिलंय?

बाकीची नाणी दवाखान्यानंतरची. ती मी एकट्यानेच आणली. का आणली, ते मला धड सांगता येणार नाही. रिकाम्या हाताने घरात शिरवत नव्हतं.

(‘प्रसूती’ शब्दकोशात पाहिला. दोन्ही दीर्घ. पण लिहायची वेळच आली नाही – ‘दवाखाना’ म्हटलं की पुरतं.)

१७ फेब्रुवारी

दातांच्या लॅबमध्ये कामात लक्ष नाही. वरच्या कवळीला खालचे दात लावले! मॅडम म्हणाल्या, "आजोबांनी हसायचं की चावायचं?" सगळी लॅब हसली. मीही हसलो. मेण वितळवून पुन्हा पहिल्यापासून.

२० फेब्रुवारी

सासुरवाडीला जाऊन आलो. ही कपड्यांच्या घड्या घालत समोर बसली.

"बरी आहेस?"

"आहे."

"जेवतेस ना?"

"आई बघते."

एकच टॉवेल तिने दोनदा उलगडून पुन्हा त्याची घडी केली. आता बोलावं, असं वाटलं. तेवढ्यात सासूबाई पाणी घेऊन आल्या आणि तिथेच बसल्या.

निघताना त्यांनी मला जिन्यात गाठलं. "जावईबापू, त्या दिवसाचं काही काढलं नाहीत ना? आत्ता कुठे ताटावर बसायला लागलीय. तिने पोर पाहिली नाही, तेवढं तरी बरं झालं म्हणायचं."

मी पाहिली होती. ही तेव्हा शुद्धीवर नव्हती. नर्सने बाहेर आणून कापड बाजूला केलं आणि म्हणाली, "बघून घ्या." तिथेच भिंतीशी सासूबाईंनी शब्द घेतला, की आमच्या पोरीला यातलं एक अक्षर सांगायचं नाही. मी मान डोलावली. मी कुणाहीपुढे मान डोलावतो.

तेव्हापासून आमच्यात बोलण्यासारखं एवढं एकच आहे, आणि नेमकं तेच बोलायचं नाही.

२४ फेब्रुवारी

हिचा फोन. आपणहून!

"माझं पहिलं नाणं पाठवून दे. बाकीची तुझी."

वाटणी झाली तर.

२५ फेब्रुवारी

तिचा कंगवा इथे आहे. पावसाळी चप्पल इथे आहे. दोन साड्या इस्त्रीवाल्याकडून आणून मीच ठेवल्यात. त्यातलं काही मागितलं नाही. ज्याला कंगवाही नको, तो परत येणार असतो की कायमचा गेलेला असतो? दिवसभर हाच विचार. दोन्ही बाजूंनी पटतो.

२ मार्च

आज सुट्टी. मॅडमकडून लॅबची किल्ली मागून घेतली.

आमच्याकडे झिजलेला दात आला की तो झिजलेला परत जात नाही. उंचवटे, खाचा, सगळं पुन्हा जसं होतं तसं करून द्यायचं. हाताला तेवढंच येतं. हिचं नाणं हिच्याकडे जायचं, तर तो दाणा तसाच सपाट कसा जाऊ द्यायचा? इतके महिने अंगठ्याने चाचपत होती. काहीतरी लागू दे तिच्या अंगठ्याला.

सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. सगळ्यांत बारीक कोरणी घेतली. चांदी दातापेक्षा मऊ लागते – पहिल्याच रेषेला दचकलो. आधी गाल केले. मग नाक. नाकाचं टोक किंचित वर वळलं आणि मी थांबलो. मला कळलं, हे नाक कुणाचं आहे ते.

मग थांबलोच नाही. हनुवटीवर खळी होती, ती टोकाने एकदाच टेकवली. वरचा ओठ जरा पुढे. माझ्या आजवरच्या कामात इतकं बारीक काम झालेलं नाही. डोळे तेवढे उघडे केले. तिचे मिटलेले होते. तसे मला कोरवेनात.

नंतर बराच वेळ टेबल पुसत बसलो. टेबल स्वच्छच होतं.

३ मार्च

मोठ्या हौसेने काकांना दाखवायला नेलं. मूर्ख! मूर्ख!

त्यांनी भिंग लावलं, काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. "कुणी केलं हे?"

"मी."

"अहो दातवाले! नाण्याला कोरणी लावतात होय? कवळी आहे का ही? याला आता कुणी फुकटही हात लावणार नाही."

विचारलं, पहिल्यासारखं होईल का?

"होईल की. अठराशे वर्षं खिशात घालून फिरा!"

माझा चेहरा पाहून असेल, त्यांनी स्टूल पुढे केलं. ट्रेमधून तसंच एक झिजलेलं काढलं. "हे द्या सूनबाईला. काय फरक कळणार आहे?" मग राणीच्या चेहऱ्यावर बोट ठेवून हळू आवाजात म्हणाले, "ही बाई बघा. डझनावर मुलं झाली हिला, त्यातली बरीचशी लहानपणीच गेली. मूल झालं की नाणं पाडायचे. गेलं की कोण पाडतंय?"

हे मला माहीत नव्हतं. इतकी नाणी घरात आणली, आणि मागचा चेहरा मी नुसता वजन करताना पाहिला होता.

काकांचं नाणं घेतलं नाही.

५ मार्च

चिठ्ठी लिहायला बसलो. ‘तुझं नाणं मी बिघडवलं.’ एवढंच. फाडली. मग लिहिलं, ‘आपली मुलगी अशी दिसत होती.’ तीही फाडली, अगदी बारीक तुकडे करून. शब्द दिलाय. कोरणीने तो मोडलाच म्हणा, पण लिहून मोडायला हात धजला नाही.

कापसात गुंडाळून सासूबाईंच्या हातात दिलं. "झोपलीय ती," त्या म्हणाल्या. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी जिना उतरलो.

६ मार्च

फोन नाही. चार्जिंग पाहिलं. भरपूर आहे.

८ मार्च

तिला काहीच दिसलं नसेल तर? उघड्या डोळ्यांना ते सगळं नुसते ओरखडे वाटतील. म्हणेल, एक नाणं सांभाळता आलं नाही! आणि दिसलं असेल तर? सासूबाई म्हणतात तशी पुन्हा ताटावरून उठली तर? काकांनी देऊ केलेलं दुसरं नेऊन द्यायला हवं होतं. नाही. नको होतं. कालपासून हेच.

९ मार्च

फोन आला. ती म्हणाली, "शेजारच्यांचं भिंग आणलं. नाक बरोबर आहे. खळीही." मग, "डोळे का उघडे केलेस रे? मिटलेले होते ना."

मी म्हटलं, "तुला कुणी सांगितलं?"

"तू खाली सह्या करायला गेला होतास, आई औषधं आणायला. मी नर्सच्या हातापाया पडले. तिने आणून मांडीवर दिली. म्हटलं, कुणाला सांगू नका, त्याने पाहिलेली नाही, त्याला सोसायचं नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला वाटत होतं," ती म्हणाली, "मी एकटीनेच पाहिलंय तिला."