जाड ऑइल

दादा,

आईला तपासणीला टॅक्सीने नेतेय. तू मला विकलेली गाडी खाली उभी आहे, चावी टेबलावर ठेवलीय. चालू करू नकोस, ऑइलची डिपस्टिक कोरडी आहे. पुढचं तुला सांगायला नको.

महिन्यात तीनदा ऑइल ओतलं, तरी परवा भर रस्त्यात निळा धूर सोडून बंद पडली. आई मागच्या सीटवर खोकून खोकून बेजार. “दादाला फोन कर,” एवढंच म्हणत होती. केला. तू उचलला नाहीस.

मग ढकलत ढकलत पुलाखालच्या मिस्त्रीकडे नेली. पिस्टनच्या रिंगा केव्हाच गेल्यात म्हणाला. “घेताना धूर दिसला नाही?” म्हटलं, नाही हो, पहिले काही दिवस अगदी गुणाची होती. तो हसायलाच लागला. “जाड ऑइल भरलं असणार. गाडी गळ्यात मारायची असली की धूर दाबायला करतात तसं.”

तू गॅरेजमध्ये असले उद्योग करतोस हे मला ठाऊक होतं. पण मला वाटायचं, बाहेरच्यांनाच करतोस.

आईला काही बोललेले नाही. “माझ्या लेकाने हुडकून दिली” म्हणून ती अजून शेजारणीला कौतुक सांगते. तूही गप्प बस. भाजी फ्रिजमध्ये आहे, गरम करून घे.

मिस्त्रीने विचारलं, कुणी विकली? म्हटलं, होता कुणीतरी अनोळखी माणूस.

खोटं बोलतेय असं वाटलंच नाही.