वाडी रिकामी असतानाचं शिबिर

साळू, तुला आन आपल्या पोरीला, रेश्माला, बुधाचा पुन्याहून राम राम.

फोनवर बोलाया दम पुरत न्हाई, म्हून लिवतोय. दवाखान्यात जेवान बरं देत्यात, काळजी करू नको. तुजा खोकला कसा हाय?

काल छातीच्या डाक्टरांच्या संघटनेची मानसं आली व्हती. म्हनाली, कोळशाच्या भट्टीच्या धुरानं तुमची फुफ्फुसं गेली, ती काय माघारी येत न्हाईत. पर बाकीच्यांची येळेवर तपासली तर वाचतील. म्हून ती आपल्या वाडीवर शिबिर घेनार हायेत, संक्रांतीनंतर.

मी म्हनलं, दिवाळी झाली की आमी समदी भट्टीवर जातो, पार पावसापातुर. संक्रांतीला वाडीत कुत्रंबी नसतंय. त्यांच्या मोठ्या डाक्टरीणबाई म्हनाल्या, तारीख वरून ठरली, आता बदलत न्हाई. मला हसू आलं, मग खोकला थांबंना.

साळू, औंदा मुकादमाचा टेम्पो आला की चढू नको. शिबिराला तुमी दोघी तरी वाडीत ऱ्हावा.

पर ऱ्हाऊन खाल काय, ते मला लिवता येईना.

गेलीसच, तर भट्टीवर रेश्माला वाऱ्याच्या अंगाला बसव. धुराकडं तू बसशील, ठावं हाय मला.

तुजा
बुधा